कॉलेजचा अभ्यास आणि पहिल्या नोकरीची तयारी एआयकडून कशी करून घ्यायची (मोबाईलवर, मराठीतून)

माझ्या बहिणीचा मुलगा बार्शीला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं आणि बीकॉमला एकदम इंग्लिश पुस्तकं हातात आली. मागच्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा त्याने मला मोबाईल दाखवला, मावशी बघ, असाइनमेंटचा प्रश्न टाकला की दहा सेकंदात उत्तर येतं. उत्तर खरंच छान होतं. मी त्याला म्हटलं, बरं आता मोबाईल खाली ठेव आणि ब्रेक इव्हन पॉइंट म्हणजे काय ते मला सांग. त्याला सांगता आलं नाही, आणि तो काही आळशी मुलगा नाहीये, सकाळी दुकानात काम करून दुपारी कॉलेजला जातो.

मी स्वतः पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला बसते, तिथेही हेच दिसतं. रेझ्युमेची पहिली दोन वाक्यं सगळ्यांची जवळजवळ सारखी असतात, आणि त्यातलंच एखादं वाक्य समजावून सांगायला लावलं की मुलं गप्प होतात. वाईट वाटतं, कारण मी स्वतः अशीच मराठी मीडियममधून आलेय आणि आमच्या वेळी रात्री अकरा वाजता शंका विचारायला कोणी नव्हतं. आता आहे, तेही फुकट, पण वापर उलटा चाललाय. म्हणून त्या सुट्टीत भाच्याबरोबर बसून आम्ही जे जे केलं ते इथे पायरीपायरीने लिहितेय. सगळ्याचं सूत्र एकच, एआयला आपल्याला प्रश्न विचारायला लावायचं आणि उत्तर आपण द्यायचं.

आधी हे काय आहे ते थोडक्यात

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला आलं, मग गूगलचं जेमिनाय, क्लॉड, कोपायलट असे बरेच आले. हे सगळे प्रचंड मजकूर वाचून शिकलेले असतात आणि एका शब्दानंतर पुढचा कुठला शब्द येणं जास्त शक्य आहे याच्या अंदाजावर वाक्य तयार करतात. त्यामुळे भाषा सफाईदार येते, पण सफाईदार आहे म्हणून खरं आहे असं नसतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कला एका केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुन्या खटल्यांचे दाखले कोर्टात सादर केले आणि ते खटले कधी झालेच नव्हते, कोर्टाने त्यांना 5,000 डॉलरचा दंड केला. शिकलेल्या वकिलांचं असं होऊ शकतं तर आपण जपूनच राहायला पाहिजे.

पायरी 1: एकच ॲप घ्या आणि नीट सेट करा

सुरुवातीला पाच ॲप घेऊ नका, चॅटजीपीटी किंवा जेमिनाय यातलं एक पुरे. प्ले स्टोअरवरून घेताना खाली कंपनीचं नाव वाचा, कारण सारख्या नावाची आणि सारख्या चिन्हाची भलतीच ॲप्स असतात आणि ती पैसे मागतात. फ्री व्हर्जनमध्ये अभ्यासाचं सगळं होतं. विद्यार्थ्यांसाठी अधूनमधून फुकट ऑफर येतात, त्या घेताना कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितला तर मुदत संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याआधी बंद करा.

आधार, पॅन, मार्कशीटचा फोटो, बँकेची माहिती, घरचा पत्ता यातलं काहीही चॅटमध्ये टाकायचं नाही. सेटिंगमध्ये तुमच्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरू नका असा पर्याय मिळतो, तो बघून घ्या.

मराठीत टाइप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरचा माइक मराठीवर करून बोला, किंवा इंग्लिश अक्षरांत मराठी लिहा, तेही त्याला बऱ्यापैकी कळतं.

पायरी 2: पहिल्याच मेसेजमध्ये आपण कोण ते सांगा

नुसतं "मार्जिनल कॉस्टिंग सांग" म्हटलं की तो जगातल्या कुणालाही चालेल असं उत्तर देतो. आम्ही पहिला मेसेज असा टाकला: "मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं. मला मराठीत समजाव पण टेक्निकल शब्द इंग्लिशच ठेव. एका वेळी एकच मुद्दा सांग, मग मला एक प्रश्न विचार आणि माझ्या उत्तराची वाट बघ. मी चुकलो तर लगेच उत्तर देऊ नकोस, आधी हिंट दे."

टेक्निकल शब्द इंग्लिश ठेवायला सांगायचं कारण आहे. एआयचं मराठी अजून कच्चं आहे, तो मधूनच हिंदी वळणाचं बोलतो आणि प्रत्येक शब्दाचं भाषांतर करायला गेला की असे शब्द बनवतो जे ना पुस्तकात असतात ना पेपरात. समजून मराठीत घ्यायचं आणि पेपरात लिहायची टर्म तीच ठेवायची, यात दोन्ही साधतं.

चॅटजीपीटीत स्टडी मोड आणि जेमिनायमध्ये गायडेड लर्निंग असं असतं, 2025 मध्ये आलंय, ते चालू केलं की तो थेट उत्तर द्यायच्या ऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी घेऊन जातो. नाही सापडलं तरी वरचा मेसेज पुरतो.

पायरी 3: रोजचा अभ्यास

ब्रेक इव्हन पॉइंटचंच उदाहरण घेते. भाच्याने विचारलं, वडापावच्या गाडीवरून समजाव. एक वडापाव 20 रुपयांना विकतो, त्यात पाव, बटाटा, तेल, गॅस मिळून 12 रुपये जातात, म्हणजे एका वडापावमागे 8 रुपये सुटतात, याला कॉन्ट्रिब्युशन म्हणायचं. जागेचं भाडं आणि पोऱ्याचा पगार मिळून महिन्याला 16,000, हे वडापाव विकला नाही तरी द्यावंच लागतं, हा फिक्स्ड कॉस्ट. मग एआयने विचारलं, किती वडापाव विकले की गाडी ना नफ्यात ना तोट्यात? त्याने वहीत 16,000 भागिले 8 केलं, 2,000 आले. पुढचा प्रश्न आला, तेल महागलं आणि खर्च 12 चा 13 झाला तर? 16,000 भागिले 7, म्हणजे साधारण 2,286. एका रुपयाने पावणेतीनशेच्या वर वडापाव जास्त विकावे लागतात हे त्याला तेव्हा दिसलं, आणि मग तो स्वतःच म्हणाला की म्हणून भाव एकदम वाढतात होय. वर्गात तीन लेक्चर झालेला टॉपिक होता हा.

हे झालं की उलटं करायचं, आणि ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. एआयला सांगा, "आता तू अकरावीचा विद्यार्थी हो, मी तुला हा टॉपिक शिकवतो, तुला जिथे कळत नाही तिथे मला अडव." आणि तोंडाने बोलून शिकवा. जिथे अडखळाल ते वहीत मांडा, तेवढंच पुस्तकातून परत वाचायचं. पुस्तक सुटलेलं नाहीये हे लक्षात घ्या.

गणितं सोडवताना आधी स्वतः वहीत सोडवा, मग पानाचा फोटो काढून टाका आणि म्हणा, "यात माझी पहिली चूक कुठे आहे तेवढीच ओळ दाखव, पुढचं सोडवू नकोस." अक्षर खराब असेल तर तो आकडा चुकीचा वाचतो, मग आधी त्याने काय वाचलं ते लिहून मागा.

परीक्षेसाठी गूगलचं नोटबुक एलएम वापरून बघा. त्यात तुमच्या नोट्स, सिलॅबस, जुने पेपर पीडीएफ करून टाकता येतात आणि तो मुख्यतः त्या कागदांच्या आधारेच उत्तर देतो, शिवाय कुठल्या ओळीवरून घेतलं ते दाखवतो, तिथे बोट ठेवून तपासता येतं. मागच्या पाच वर्षांचे युनिव्हर्सिटीचे पेपर टाकून कुठल्या टॉपिकवर किती मार्कांचं येतं ते मागा. पण सिलॅबस बदललेला असेल तर जुना पेपर फसवतो, नवीन शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच कोर्सचं असं झालंय, त्यामुळे चालू सिलॅबसचा कागद आधी टाका.

पायरी 4: तपासायचं काय

सगळं तपासत बसलं तर अभ्यास होणार नाही. पाच गोष्टी मात्र तपासायच्याच: आकडा, तारीख, कायद्याचं कलम, माणसाचं नाव, पुस्तकाचं नाव. यात एआय सगळ्यात जास्त घसरतो.

कॉमर्सवाल्यांसाठी ताजं उदाहरण जीएसटीचं. 22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे मोडून बहुतेक वस्तू 5 आणि 18 मध्ये आल्या आणि काही मोजक्या 40 वर गेल्या. एआयने शिकलेलं जुनं असेल आणि त्याने इंटरनेटवर शोधलं नसेल तर तो आरामात 5, 12, 18, 28 सांगतो, तेही ठामपणे. इन्कम टॅक्सचं तसंच, 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून आला, कलमांचे नंबर बदलले. म्हणून अशा वेळी "इंटरनेटवर शोधून, तारखेसकट, सरकारी साइटची लिंक देऊन सांग" असं म्हणायचं आणि ती लिंक स्वतः उघडायची. उघडत नसेल किंवा आत ते लिहिलेलं नसेल तर ती माहिती सोडून द्या.

सरकारी योजनांचंही तेच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली तेव्हा पदवीधरांना महिना 10,000, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना 8,000 आणि बारावी पासला 6,000 विद्यावेतन होतं, नंतर तिच्या नियमांत बदल झाले. एआय जुनं-नवं एकत्र करून सांगतो. फॉर्म भरायच्या आधी जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचा, आणि जीआरची भाषा अवघड वाटली तर तो पीडीएफ एआयला देऊन सोप्या मराठीत करून घ्या, हा वापर मात्र उत्तम आहे.

पायरी 5: असाइनमेंट आणि प्रोजेक्ट

इथे मला स्पष्ट बोलायचंय. अख्खी असाइनमेंट एआयकडून लिहून घेतली तर मार्क कदाचित मिळतील, पण व्हायवाला बसल्यावर आणि पुढे इंटरव्ह्यूला ते उघडं पडतं, मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय. आधी सरांना किंवा मॅडमना विचारा की एआय कुठपर्यंत चालेल, काही कॉलेजांत वापरला तर लिहून द्या म्हणतात, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. "एआयने लिहिलेलं ओळखतो" म्हणणारे जे सॉफ्टवेअर आहेत ते स्वतः चुकतात, कधी मुलांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्यालाही एआयचं ठरवतात. म्हणून तुमचा कच्चा मसुदा, वहीची पानं, गूगल डॉकची हिस्टरी जपून ठेवा, कोणी विचारलं तर दाखवायला.

आमची पद्धत अशी: मुद्दे स्वतः काढायचे, पहिला मसुदा मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये का होईना स्वतः लिहायचा, मग एआयला म्हणायचं, "माझी वाक्यं बदलू नकोस, कुठे मुद्दा अर्धवट राहिलाय आणि कुठे पुरावा नाही तेवढं सांग." ओजेटी, म्हणजे कोर्समधलं ऑन जॉब ट्रेनिंग असेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटं फोनवर बोलून नोंद ठेवा, आज कुठली व्हाउचर बघितली, कुठे अडलं, कोणी काय शिकवलं. रिपोर्ट लिहायच्या वेळी तुमच्याकडे साठ दिवसांचा खरा माल असतो, आणि हाच माल पुढे रेझ्युमेलाही लागतो.

पायरी 6: नोकरीला नेमकं काय मागतात ते काढा

नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, इंटर्नशाला कुठेही जा आणि तुम्हाला हवी तशी नोकरी, समजा ज्युनियर अकाउंटंट, याच्या दहा जाहिराती कॉपी करून एका चॅटमध्ये टाका. "यात पुन्हा पुन्हा काय मागितलंय ते किती वेळा आलंय त्यासकट दे." भाच्याच्या दहा जाहिरातींत टॅली आणि एक्सेल जवळजवळ सगळीकडे होतं, जीएसटी रिटर्न आणि बँक रिकन्सिलिएशन (म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) त्याखालोखाल, आणि इंग्लिशमध्ये ईमेल लिहिता येणं निम्म्यांत तरी होतं. त्याने ज्या कोर्सला पैसे भरायचं ठरवलं होतं ती गोष्ट एकाही जाहिरातीत नव्हती. ते पैसे वाचले.

मग ते स्किल शिकायचं. स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर कोर्स फुकट बघता येतात, पण नुसतं बघून हाताला सवय होत नाही. एक्सेलसाठी आम्ही एआयला सांगितलं, "बार्शीतल्या किराणा दुकानाच्या विक्रीच्या 40 ओळी बनव, तारीख, वस्तू, नग, दर, रक्कम, आणि त्यात 6 चुका मुद्दाम घाल, कुठे घातल्या ते सांगू नकोस." ते एक्सेलमध्ये टाकून चुका शोधायच्या, मग पिव्होट टेबल लावून कुठली वस्तू जास्त गेली ते काढायचं, व्हीलुकअप लावून दुसऱ्या शीटवरून दर आणायचे. कधीकधी एआय सहा म्हणतो आणि चार किंवा आठच चुका करतो, तेव्हा त्याच्याशी भांडायचं, त्यातही शिकायला होतं. ऑफिसमध्ये पहिल्या दिवशी हातात येतो तो असाच घाण डेटा असतो, पुस्तकातल्यासारखा स्वच्छ नसतो.

पायरी 7: रेझ्युमे

"माझा रेझ्युमे बनव" हे वाक्य वापरू नका. त्याऐवजी: "तू माझा इंटरव्ह्यू घे. शाळेपासून आजपर्यंत मी केलेलं कुठलंही काम विचार, प्रत्येक कामात किती, किती दिवस, किती रुपये, किती माणसं असे आकडे विचार. मी सांगितलं नाही ते स्वतःच्या मनाने घालू नकोस."

भाचा म्हणत होता माझ्याकडे लिहायला काहीच नाही. अर्ध्या तासात निघालं की दोन वर्षं गल्लीच्या गणेश मंडळाचा वर्गणीचा हिशोब तोच ठेवतो, पावत्या, खर्च, शेवटी फळ्यावर जमाखर्च लावणं सगळं. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात साठ जणांच्या किराण्याचं बजेट त्याच्याकडे होतं. दुकानात रोज संध्याकाळी गल्ला जुळवतो. अकाउंट्सच्या नोकरीसाठी याहून चांगलं काय पाहिजे! कमवा आणि शिका योजनेत काम करणारी मुलं तर ते लिहीतच नाहीत, कमीपणा वाटतो म्हणे. कृपा करून लिहा. टेबलाच्या पलीकडच्या माणसाला त्यातून कळतं की हा मुलगा वेळेवर येणारा आहे.

रेझ्युमे एक पान, साधा फॉन्ट, फोटो आणि रंगीत चौकटी नकोत, कारण बऱ्याच कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि डिझाइनमध्ये त्याला मजकूर सापडत नाही. छापायच्या आधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा, यावर मी दोन मिनिटं बोलू शकतो का. नाही तर ओळ काढा. "डायनॅमिक", "पॅशनेट", "रिझल्ट ओरिएंटेड" हे शब्द एआय हमखास घालतो, तेही काढा.

पायरी 8: इंग्लिश आणि इंटरव्ह्यू

इथे मला सगळ्यात जास्त आशा वाटते. वर्गात इंग्लिश बोलताना चुकलं की मागचे बाक हसतात, आणि एकदा हसले की तो मुलगा तीन वर्षं तोंड उघडत नाही. एआय हसत नाही आणि पन्नासाव्यांदा विचारलं तरी कंटाळत नाही.

व्हॉइस मोड चालू करून हेडफोन लावा. सांगा, "तू अकाउंट्स मॅनेजर आहेस, फ्रेशरचा इंटरव्ह्यू घे, सोप्या इंग्लिशमध्ये, एका वेळी एक प्रश्न. मध्येच अडवू नकोस. शेवटी माझ्या फक्त तीन चुका मराठीत समजाव." तीनच सांगायला लावा, वीस सांगितल्या की माणूस खचतो. आपल्याकडच्या नेहमीच्या चुका आधीच लिहून ठेवते: "मायसेल्फ अमुक" म्हणायचं नाही, "आय ॲम अमुक" म्हणायचं. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नाही, "आय हॅव टू ब्रदर्स". "आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2025" नाही, वर्ष सांगितलं की "आय कम्प्लीटेड". एवढ्या तीन दुरुस्त झाल्या तरी पहिलं मिनिट सुधारतं.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" चं उत्तर एआयकडून लिहून पाठ करू नका, पाठ केलेलं डोळ्यांत दिसतं, मध्ये एक प्रश्न घातला की गाडी रुळावरून जाते. चार मुद्दे चिठ्ठीवर, आणि रोज वेगळ्या शब्दांत बोला. अनुभवाचा प्रश्न आला तर काय परिस्थिती होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, या क्रमाने. गणेश मंडळाचा हिशोब या चार टप्प्यांत बसवून बघा, एका मिनिटात होतो.

एआय फार लवकर कौतुक करतो, "खूप छान उत्तर" म्हणतो आणि आपण खूश. त्याला सांगा, "कौतुक नको, कडक परीक्षकासारखं 10 पैकी मार्क दे आणि कशामुळे कापले ते सांग." आणि आठवड्यातून एकदा तरी खऱ्या माणसासमोर बोला, मित्र, ताई, सर, कोणीही. समोरच्याचे डोळे, मध्येच आलेली शांतता, याची सवय फोनवर होत नाही.

पायरी 9: ऑफर आली तर

"रजिस्ट्रेशनचे 2,000 भरा, मग ऑफर लेटर" असा मेसेज आला तर तो फ्रॉड आहे, हे एआयला विचारायचीही गरज नाही. हल्ली फसवणाऱ्यांचं इंग्लिशसुद्धा एआयमुळे एकदम शुद्ध असतं, त्यामुळे आधीसारखं स्पेलिंगवरून ओळखता येत नाही. कंपनीचं नाव कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर बघा, ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का बघा, आणि नंबर मेसेजमधला न घेता कंपनीच्या वेबसाइटवरून काढून फोन करा. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

खरं ऑफर लेटर असेल तर नाव, पत्ता आणि बाकीची खासगी माहिती झाकून मजकूर एआयला द्या आणि विचारा, यात बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का, नोटीस पिरियड किती, सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च, त्यातलं हातात साधारण काय येईल, एचआरला विचारायचे प्रश्न कुठले. भाच्याने एका पत्राचं असं केलं तेव्हा दोन वर्षांच्या बाँडची ओळ तिसऱ्या पानावर सापडली. त्याने एचआरला फोन करून विचारलं, इंग्लिशमध्ये, आणि मग मला फोन केला की मावशी, मी बोललो.